पुढचा मानाचा, मागचा कामाचा

"मागं माझा क्राऊन बसत नसंल, तर अक्षतांचं पुढं बघू," आप्पा म्हणाले आणि त्यांनी कपबशी खाली ठेवली. चहा अर्धा तसाच होता. आमच्याकडे अर्धा चहा ठेवून बोलणं म्हणजे प्रकरण वकिलाकडे जाण्याच्या बेतात आहे असं समजायचं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये जीप चाकं काढून लोखंडी घोड्यांवर चढवली होती. तिच्या एका अंगाला खुर्ची टाकून माझे वडील बसले होते. भूपाल मगदूम, गिअर कापण्याचा कारखाना, घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दुसऱ्या अंगाला माझे होणारे सासरे, तवनाप्पा खोत. त्यांचाही कारखाना गिअर कापण्याचाच, दोन गल्ल्या सोडून. त्यांना सगळं उद्यमनगर आप्पा म्हणायचं. दोघांच्याही मांडीवर फडक्यात गुंडाळलेला एकेक क्राऊन होता. क्राऊन म्हणजे ॲक्सलच्या पोटातलं दात्यांचं मोठं चाक. इंजिनाकडून येणारा छोटा पिनियन त्याला फिरवतो आणि तो गाडीची चाकं फिरवतो. बारशाला आलेल्या बायका बाळ धरतात तसे दोघांनी ते धरले होते.

मी आणि शीतल जीपच्या नाकाशी उभे होतो. शीतल म्हणजे आप्पांचा मुलगा. आमच्या भागात शीतल हे पुरुषाचं नाव असतं, हे पुण्याच्या लोकांना अजून समजावून सांगावं लागतं. आमची सुपारी फुटली होती, मांडव ठरला होता आणि त्याआधी घाटातली रॅली होती. रॅलीत जीप मी चालवायची आणि शीतल शेजारी बसून नकाशा वाचायचा. चढावर मान खाली घालून वाचलं की त्याला मळमळायचं, तरी तो वाचत राहायचा. मला तो तिथंच आवडला होता.

मुलगी गाडी कशी चालवणार, असं कुणीतरी विचारील म्हणून मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. ते कुणी विचारलंच नाही. दोन्ही घरांना प्रश्न एकच पडला होता, की मागच्या ॲक्सलमध्ये कुणाचा क्राऊन बसणार.

"आठाला त्रेचाळीस," अण्णा म्हणाले. म्हणजे पिनियनला आठ दाते, क्राऊनला त्रेचाळीस. "घाट हाय तो. गाडी चढाय पायजे का नको?"

"चढंल की. बैलासारखी चढंल," आप्पा म्हणाले. "आणि वर पठारावर पोचल्यावर? तिथं पळायचं कुणी? तुम्ही? आठाला एकोणचाळीस घाला. पोरगी वाऱ्यासारखी जाईल."

"चढावरच गाडीनं धापा टाकल्या तर वारं काय चाटायचंय?"

दोघांचंही बरोबर होतं, आणि हीच अडचण होती. जास्त दाते असले की गाडी जोर लावते पण पळत नाही. कमी दाते असले की पळते पण जोर लावत नाही. त्या रॅलीत आधी घाट होता आणि मग पठार. ज्याने रस्ता आखला त्याला आमच्या सोयरिकीची कल्पना नव्हती.

त्यात आणखी एक भांडण होतं. ॲक्सलच्या दोन चाकांना ताकद वाटून देतं ते डिफरन्शियल, आणि साध्या डिफरन्शियलला एक खोड असते. दोन चाकांपैकी जे चाक चिखलात घसरतं त्यालाच ते सगळी ताकद देतं, आणि घट्ट जमिनीवरचं शहाणं चाक नुसतं उभं राहतं. लाडावलेलं पोर घरात असलं की थोरल्याचं होतं तसं. यावर इलाज म्हणून अण्णांनी स्वतः लिमिटेड स्लिप बनवलं होतं. आत प्लेटांची चळत, ती दोन्ही चाकांना फार फटकून वागू देत नाही. वळणात थोडा फरक चालतो, पण एकानं मोकाट सुटायचं नाही.

"प्लेटा झिजणार," आप्पा म्हणाले. "सरळ आतनं वेल्डिंग मारा. दोन्ही चाकं एकजीव."

"एकजीव झाल्यावर वळणात टायर ओरडतील, ते तुमच्या घरला ऐकू येईल."

"आमच्या घरला ऐकू यायला आमचा क्राऊन तर आत पायजे."

आईनं आतून डोकावून बघितलं आणि पद्माण्णांना बोलवायला माणूस पाठवला.

पद्माण्णा आमच्या सोयरिकीतले मध्यस्थ. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. दोन्ही घरांत लग्नाचं बोलणं त्यांनीच घातलं होतं, आणि मध्यस्थाचा शब्द दोन्ही बाजूंनी मोडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मानपानाचे केवढाले तंटे त्यांनी मिटवले होते. एका लग्नात दोन मामांमध्ये एकच फेटा उरला होता, तेव्हा त्यांनी तो मधोमध फाडून दोघांना बांधला होता. दोन्ही मामा खूश झाले आणि दोघंही दिवसभर टोपीवाल्यासारखे दिसले. यंत्रातलं मात्र त्यांना सायकलच्या घंटीपलीकडे काही कळत नसे.

ते आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पद्माण्णा दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसत. त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग आईनं मांडलेल्या ताटांकडे, आणि मग जीपकडे.

"या गाडीला ॲक्सल किती?" त्यांनी विचारलं.

"दोन. एक पुढं, एक मागं," शीतल म्हणाला.

"आणि क्राऊन किती?"

"दोन."

"मग भांडण कशाचं आहे?" पद्माण्णा म्हणाले. "एकाचा पुढे, एकाचा मागे. दोघांचाही मान राहिला. चला, पानं वाढा."

जीपला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे दाते सारखेच लागतात. दांडा ओढून चारही चाकं इंजिनाला जोडली, की पुढची आणि मागची एकाच वेगाने फिरायला हवीत. नाहीतर पुढची पळायला बघणार, मागची अडवून धरणार आणि गाडी स्वतःशीच कुस्ती खेळणार. उद्यमनगरात चहा देणाऱ्यालाही हे ठाऊक होतं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा छताच्या पत्र्याकडे बघत होते. आप्पा आपला अंगठा न्याहाळत होते. जो आधी 'हे चालणार नाही' म्हणेल, त्यानं आपला क्राऊन मागे घेतल्यासारखं होणार होतं.

"पद्मकाका," मीच म्हटलं, "पुढचं-मागचं सारखं लागतंय."

"बाई, सारखं कुणाचंच नसतं. तरी संसार होतात," पद्माण्णा म्हणाले. "मला आता एवढंच सांगा, की पुढे कोण?"

"मुलाकडचे पुढं," अण्णा इतक्या झटकन म्हणाले, की मला तेव्हाच शंका आली.

आप्पांचा चेहरा खुलला. "बघा, मगदूमांना रीत कळती," ते म्हणाले आणि सगळे जेवायला बसले.

दुसरी भाकरी मोडताना आप्पांचा हात थांबला. दांडा ओढला नाही तर गाडी मागच्याच चाकांवर चालते, पुढची चाकं मोकळीच फिरतात आणि पुढचा क्राऊन नुसता बसून राहतो, हे त्यांना तेव्हा आठवलं. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा मान खाली घालून आमटी ओरपत होते.

"म्हंजे माझा नुसता मानाचा," आप्पा हळूच म्हणाले.

"शब्द गेलाय," पद्माण्णा म्हणाले. "आता ताक आणा."

त्या दिवसापासून जीपचा पुढचा क्राऊन मानाचा आणि मागचा कामाचा झाला. जाताना आप्पांनी शीतलला बाजूला घेतलं. आवाज हळू करायची सवय कारखानदाराला नसते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"गरज पडली की दांडा ओढायचा. माझा क्राऊन बापजन्मात फिरला न्हाई असं झालं, तर मी मांडवात पाऊल ठेवणार न्हाई. सांगून ठेवतोय."

मी अण्णांकडे वळले तर ते मला म्हणाले, "दांड्याला हात लावलास तर याद राख. माझ्या प्लेटांची वाट लागंल, आणि मग लग्नाचं मी बघतो."

म्हणजे दांडा ओढला तर माझे वडील नाहीत, आणि नाही ओढला तर त्याचे नाहीत. शीतल मला म्हणाला, "पळून जाऊ या का?" मी म्हटलं, "कशातनं? जीप तर ह्यांचीच."

रॅलीच्या दिवशी घाट कोरडा होता आणि मुरुमाचा होता. जीप मागच्या चाकांवर चढत होती आणि खरं सांगायचं तर मजेत चढत होती. अण्णांच्या लिमिटेड स्लिपनं वळणावळणाला आतून कुरकुर केली, पण चाक एकदाही मोकाट सुटू दिलं नाही. बाकीच्यांच्या गाड्या वळणात एका चाकानं खडी उडवत जागच्या जागी नाचत होत्या. आम्ही त्यांच्या बाजूने निघून जात होतो. याआधी माझ्या हातून इतकी नीट गाडी कधी चालली नव्हती.

"पुढं डावीकडं कडक वळण," शीतल म्हणाला, खिडकीबाहेर डोकं काढून उलटी केली आणि परत आत आला. "मग सरळ. मग आप्पांना काय सांगू?"

"काय सांगायचंय?"

"दांडा ओढला न्हाई म्हणून."

"गरज पडली न्हाई म्हण."

"तेच तर त्यांना सहन होणार न्हाई," तो म्हणाला आणि परत खिडकीबाहेर गेला.

आता मला वाईट वाटायला लागलं. चांगली गाडी चालवून आपण आपलंच लग्न मोडतोय, असं काहीतरी होत होतं. पठाराच्या अलीकडे ओढा होता. माणसं म्हणाली होती की कोरडा असेल. तो कोरडा नव्हता. वरच्या अंगाला कुणीतरी म्हशी धुतल्या होत्या आणि ओढ्याचा सगळा काला झाला होता. मी वेगात घुसले आणि मधोमध थांबले. मागची दोन्ही चाकं एकदमच बसली. लिमिटेड स्लिप म्हणजे एका चाकाचं दुसऱ्याला वाटून देणं. दोन्ही बुडाल्यावर कुणाचं काय कुणाला वाटणार? दोन्ही चाकं एकजुटीनं खाली जात राहिली.

शीतलनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

"गरज," तो म्हणाला. इतका आनंद त्याच्या तोंडावर मी सुपारी फुटली तेव्हाही बघितला नव्हता.

मी दांडा ओढला. आप्पांचा क्राऊन जन्मात पहिल्यांदा फिरला. पुढच्या चाकांनी काठाचा मुरुम पकडला आणि जीप नाक वर करून ओढ्यातून बाहेर आली. शीतलनं डॅशबोर्डला हात लावून नमस्कार केला. मीही केला, एका हाताने.

ओढा संपला की चढ, चढ संपला की पठार आणि पठारावर डांबरी रस्ता. शेवटची दोरी तिथंच बांधली होती, नजरेच्या टप्प्यात. मी दांडा परत ढकलायला गेले. दांडा हलेना. तेवढ्यात चारही चाकं डांबरावर आली.

मातीत चाकं थोडी घसरून एकमेकांना सांभाळून घेतात. डांबरावर घसरायला जागाच नसते. पुढचा क्राऊन म्हणत होता पळ, मागचा म्हणत होता थांब. जीपनं दोन उड्या मारल्या, रबराचा वास सुटला, इंजिन बंद पडलं आणि आम्ही दोरीच्या अलीकडे, सगळ्या कोल्हापूरसमोर, रस्त्याच्या मधोमध उभे राहिलो. दांडा तर असा अडकला होता, की शीतल दोन्ही पायांनी त्याच्यावर उभा राहिला तरी ढिम्म.

दोरीपलीकडे अण्णा आणि आप्पा शेजारी शेजारी उभे होते. रस्ता रॅलीसाठी बंद होता आणि आप्पांची मोटार पायवाटेत मावेना म्हणून ते अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून आले होते, हे मला नंतर कळलं. येताना कोण कुणाच्या कमरेला धरून बसलं होतं, ते दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. पठाराच्या कडेवरून त्यांनी घाटही बघितला होता आणि ओढाही.

अशा वेळी एक चाक जॅकवर उचललं की आतला पीळ सुटतो आणि दांडा निघतो. बाहेरच्यांनी गाडीला हात लावायचा नाही असा नियम होता, पण ओरडायला बंदी नव्हती. आता हे दोघं ओरडणार, हे मला दिसतच होतं. ज्याचं चाक उचललं जाईल त्याचा क्राऊन हरला. अण्णा म्हणणार पुढचं उचल, आप्पा म्हणणार मागचं उचल, आणि लग्न या रस्त्यावरच मोडणार. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. मला रडायला येत होतं, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

"मागचं उचल," अण्णा ओरडले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मागचं म्हणजे त्यांचंच.

"मागचं कशाला?" आप्पा ओरडले. "शीतल, पुढचं उचल, पुढचं. आपलं उचल."

"आप्पा, ऱ्हावू दे. ओढ्यातनं कुणी काढलं? तुमच्या क्राऊननं काढलं. मागचा वाकू दे."

"आणि घाट कुणी चढवला मगदूमसाहेब? तुमच्या त्या प्लेटांनी चढवला. डोळ्यांनी बघितलंय मी. वेल्डिंगचं बोललो ते मागं घेतो. पुढचं उचल रे."

"असं कसं? तुम्ही मुलाकडचे. तुमचं चाक खाली ठेवायचं."

"आवो, मुलीकडच्यांना वाकवून आम्ही पुढं जायचं? ही कुठली रीत?"

शीतल हातात जॅक घेऊन रस्त्यावर उभा होता. अण्णा बोलले की मागे जायचा, आप्पा बोलले की पुढे यायचा. आम्ही घाटात ज्यांच्या बाजूने निघून आलो होतो ते सगळे आता आमच्या बाजूने निघून जात होते. एकानं जाता जाता विचारलं, "काय झालंय?" शीतल म्हणाला, "मानपान."

"शीतल," मी म्हटलं, "आत बस."

"पण चाक कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई. बस आत."

मी इंजिन सुरू केलं, स्टिअरिंग करकचून डावीकडे वळवलं आणि जीप ओढत ढकलत डांबराच्या कडेला, बाजूच्या भुसभुशीत मातीत घातली. डावीकडची चाकं मातीत गेली, तिथं ती घसरली आणि खालून फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. आतला सगळा पीळ सुटला. शीतलनं नुसता हात लावला आणि दांडा परत जागेवर गेला. दोरी ओलांडली तेव्हा आमच्या मागे एकच गाडी राहिली होती, आणि तीही ट्रॅक्टर ओढून आणत होता.

अण्णा आणि आप्पा अजून तिथंच होते. आम्ही दोरी ओलांडल्याचं त्यांना रॅली बघायला आलेल्या पद्माण्णांनी सांगितलं.

"म्हंजे शेवटी कुणाचं उचललं?" आप्पांनी विचारलं.

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. अक्षता पडल्या, दोन्ही बापांनी मांडवात एकमेकांना इतक्या वेळा पुढे केलं की फोटोत दोघंही कडेलाच आले. वरात जीपमधूनच काढायची असं ठरलं होतं. आदल्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "आता काळजी न्हाई. दोन्हीकडं सारखे दाते केलेत मी." शीतललाही आप्पा म्हणाले होते, "निवांत जावा. सारखं केलंय सगळं." आम्हाला वाटलं, दोघांनी बसून, बोलून, एकमतानं केलं असेल. मला तर भरून आलं.

नवरीनं आपली वरात आपण चालवायची नसते, असं पद्माण्णा म्हणाले. पण शीतलच्या हातात जीप दिली असती तर वरात दुसऱ्याच्या अंगणात गेली असती. मी शालू खोचून बसले. पुढे बँड, मागे दोन्हीकडची माणसं, दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवणं उरकायची होती. आप्पांच्या गल्लीच्या तोंडाशी शीतलला उमाळा आला.

"आप्पांच्या दारात आप्पांचा क्राऊन फिरला पायजे," तो म्हणाला आणि मी नको म्हणायच्या आत त्यानं दांडा ओढला.

गल्ली नुकतीच डांबरी केलेली होती. जीपनं दोन उड्या मारल्या. रबराचा वास सुटला. इंजिन बंद पडलं. बँडवाले थोडे पुढे गेले आणि मग वाजवायचे थांबले.

अण्णा आणि आप्पा मागून धावत आले.

"असं कसं होईल?" अण्णा म्हणाले. "मी माझा काढून तुमचाच रेशो घातला की मागं. रातोरात कापला. आठाला एकोणचाळीस."

आप्पांनी कपाळाला हात लावला.

"आणि मी माझा काढून पुढं तुमचे त्रेचाळीस घातले."

मग अण्णांनी जीपच्या मागून जॅक काढला.

"मागचं उचलतो," ते म्हणाले. "मागचं आता तुमचं हाय, पण चूक माझी."

"छे छे. पुढचं उचला. पुढचं तुमचं हाय, पण घातलंय मी."

"आप्पा, तुमच्या दारात तुम्ही वाकायचं न्हाई."

"माझ्या दारात पावण्यानं वाकायचं? जॅक द्या इकडं."

पद्माण्णांनी सूर्याकडे बघितलं. सासूबाई दारात तांदळानं भरलेलं माप ठेवून उभ्या होत्या. मी खाली उतरले, शीतलला हाताला धरून उतरवलं, शालू सावरला आणि गल्ली चालत गेले. माप ओलांडून आत पाऊल टाकलं तेव्हा बाहेरून आवाज येत होता, "आधी तुम्ही," आणि त्याच्यावर, "छे छे, आधी तुम्ही."